मोठ्या एसयूव्हीची राईड आणि हँडलिंग कशी पारखायची: पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

गुळगुळीत रस्त्यावर दोन-तीन किलोमीटरचा फेरफटका मारला की जवळपास प्रत्येक मोठी एसयूव्ही आवडते. आपण उंचावर बसलेले असतो, लांबवरचं दिसतं, सीट ऐसपैस असते, इंजिनाचा आवाज आत फारसा येत नाही. सस्पेन्शनची खरी ओळख मात्र तुटक्या डांबरावर होते, लाटा पडलेल्या हायवेवर होते, वळणात मध्येच आलेल्या खड्ड्यावर होते आणि गाडी माणसांनी भरल्यावर होते. दोन ते पावणेतीन टनांच्या या तीन ओळींच्या गाड्या तिथे एकमेकींपासून फार वेगळ्या वागतात. हा फरक माहितीपत्रकात छापलेला नसतो. तो चालवून आणि मागे बसून शोधावा लागतो. कसा, ते क्रमाने सांगतो.

त्याआधी एक समजूत दूर करू. मऊ गाडी आरामाची आणि कडक गाडी रस्ता धरणारी, असं सरसकट मानलं जातं. हलक्या, बुटक्या गाडीत ते बऱ्यापैकी खरंही असतं. मोठ्या एसयूव्हीत वजन खूप आणि तेही उंचावर. त्यामुळे नुसती मऊ गाडी होडीसारखी डुलत राहते आणि नुसती कडक गाडी आतल्यांच्या माना झटकत राहते. दोन्हींत माणूस सारखाच दमतो. म्हणून पाहायचं ते हे, की गाडीचं धूड एकदा हललं की किती लवकर स्थिर होतं. चांगली मोठी गाडी खाली जाते, वर येते आणि थांबते. आराम आणि हँडलिंग, दोन्हींचं मूळ या थांबण्यात आहे. पुढच्या पायऱ्यांमध्ये आपण वेगवेगळ्या प्रकारे हेच पाहणार आहोत.

पायरी १: जाण्याआधी कागद वाचा

टेस्ट ड्राइव्हला जाण्यापूर्वी प्रत्येक गाडीच्या चार गोष्टी लिहून काढा: ढाचा, मागचं सस्पेन्शन, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) आणि टायरचा आकडा.

ढाचा दोन प्रकारचा. टोयोटा फॉर्च्युनर, लँड क्रूझर ३००, निसान पॅट्रोल, शेवरले टाहो या लॅडर फ्रेमवरच्या गाड्या. म्हणजे खाली लोखंडी चौकट आणि तिच्यावर रबरी माउंटवर बसवलेली बॉडी. रेंज रोव्हर, मर्सिडीज जीएलएस, बीएमडब्ल्यू एक्स७, ऑडी क्यू७, व्होल्व्हो एक्ससी९० या मोनोकॉक. त्यांत बॉडी हाच ढाचा. फ्रेमच्या गाडीत धक्का बसून गेल्यानंतरही एक बारीक थरथर मागे उरते. स्टिअरिंगच्या दांड्यात, आरशात, कधी पायाखाली ती जाणवते. फ्रेम आणि बॉडी किंचित वेगवेगळ्या हलतात, त्याचा हा परिणाम. मोनोकॉकमध्ये ही थरथर फारच कमी असते. तेवढ्यावरून फ्रेमची गाडी बाद करू नका. खराब रस्ता, जड ओझं, ट्रेलर ओढणं या कामांत ती चौकट वर्षानुवर्षं टिकते. फक्त काय अपेक्षा ठेवायची ते आधी ठाऊक असलेलं बरं.

राईडवर त्याहून मोठा परिणाम मागच्या अ‍ॅक्सलचा होतो. फॉर्च्युनर आणि लँड क्रूझर ३०० यांना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, म्हणजे प्रत्येक चाक आपापलं हलतं, पण मागे कॉइल स्प्रिंगवरचा एकसंध अ‍ॅक्सल. दोन्ही चाकं एकाच जड दांड्याला जोडलेली असल्याने डावं चाक उचललं गेलं की उजवंही कलतं, आणि तो सगळा दांडा, डिफरन्शियलसकट, वरखाली हलतो. फ्रेम असूनही मागे स्वतंत्र सस्पेन्शन देणं शक्य आहे. फोर्ड एक्सपिडिशनने २००३ च्या मॉडेलपासून ते दिलं, निसान पॅट्रोलने २०१० मध्ये आलेल्या पिढीत दिलं, आणि टाहोने २०२१ च्या मॉडेलपासून. म्हणून ‘फ्रेमची आहे’ एवढं ऐकून थांबू नका. मागे काय आहे, ते विचारा.

व्हीलबेसचा आकडा नवे लोक पाहत नाहीत, आणि तो पाहण्यासारखा असतो. फॉर्च्युनरचा २७४५ मिलिमीटर, लँड क्रूझर ३०० चा २८५०, एक्ससी९० चा २९८४, एक्स७ चा ३१०५, जीएलएसचा ३१३५. पुढचं चाक उंचवट्यावर गेल्यानंतर मागचं तिथे पोहोचायला लागणारा वेळ यावर ठरतो. २८५० मिलिमीटरची गाडी ताशी ३० किलोमीटर वेगात असेल तर हा वेळ सुमारे ०.३४ सेकंद, आणि ताशी ८० असेल तर सुमारे ०.१३ सेकंद. तेवढ्या वेळात पुढचा भाग वर जाऊन परतू लागलेला असतो आणि तेव्हाच मागचा उचलला जातो. दोघांचा ताल जुळला नाही तर गाडी पुढे-मागे झुलत राहते, आणि माणसाला सरळ वरखाली होण्यापेक्षा हे झुलणं जास्त खुपतं.

मॉरिस ओली या अभियंत्याने १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये यावर काम केलं. मागचं सस्पेन्शन पुढच्यापेक्षा थोड्या जलद तालाचं ठेवायचं, म्हणजे उशिरा सुरू झालेलं मागचं टोक पुढच्याला गाठतं आणि गाडी सपाट वरखाली होऊन शांत होते, हा त्याचा निष्कर्ष. तो आजही वापरला जातो. अडचण येते ती सात माणसं आणि सामान वाहण्यासाठी केलेल्या गाडीत. ओझ्यासाठी मागच्या स्प्रिंगा गरजेहून बऱ्याच कडक ठेवलेल्या असतात, आणि रिकाम्या गाडीचं मागचं टोक उंचवट्यावर उडतं. लांब व्हीलबेस झुलणं कमी करतो, पण तीच गाडी अरुंद जागेत वळवताना हात दुखवतो.

पायरी २: तुलना बरोबरीची करा

एक गाडी सकाळी गार टायरवर, एकट्याने, कम्फर्ट मोडमध्ये चालवली आणि दुसरी दुपारी तापलेल्या टायरवर, चार माणसं घेऊन, स्पोर्ट मोडमध्ये, तर तुलनेला काही अर्थ उरत नाही.

सुरुवात हवेपासून. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर एक स्टिकर असतो. कमी ओझ्यासाठी किती हवा आणि पूर्ण ओझ्यासाठी किती, ते त्यावर लिहिलेलं असतं. टेस्ट ड्राइव्हच्या गाडीत नेमकी तेवढीच हवा असेल हे गृहीत धरू नका, गेज लावून पाहा. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढलं तर टायरमधला दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. चालवल्यावर टायर तापून तो आणखी चढतो. म्हणून आकडा गार टायरचाच पाहायचा. चार-पाच पीएसआय जास्त हवा असलेली चांगली गाडी बारीक खडीवर खडखडत जाते. तेवढीच हवा कमी असेल तर वाईट गाडीही मऊ वाटते, आणि तिचं स्टिअरिंग मात्र ढिलं लागतं. विक्रेत्याला हवा तपासायला सांगताना संकोच करू नका. इतक्या मोठ्या खरेदीत पाच मिनिटांचं हे काम आहे.

पुढची बाब ओझ्याची. समजा, मागच्या अ‍ॅक्सलच्या स्प्रिंगांवर १००० किलो आहेत आणि माणसं-सामान मिळून आणखी ५०० आले. स्प्रिंग तीच राहिली तर मागच्या टोकाचा ताल सुमारे १८ टक्क्यांनी संथ होतो, आणि तोच शॉक अ‍ॅब्सॉर्बर आता जास्त वजन आवरायला अपुरा पडू लागतो. त्यामुळे रिकामी असताना आपटणारी गाडी भरल्यावर छान वाटू शकते, आणि रिकामी असताना छान वाटलेली गाडी भरल्यावर मागून बसू शकते. एअर सस्पेन्शन असलेली गाडी हवेचा दाब वाढवून उंची टिकवते आणि स्प्रिंगही ओझ्याबरोबर कडक होते. याचा खरा लाभ भरलेल्या गाडीतच कळतो. तेव्हा जितकी माणसं रोज बसणार तितकी घेऊन जा. सगळी नेहमी बसणार असतील तर सगळी न्या.

मोडच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. गाडी सुरू केल्यावर आपोआप जो मोड लागतो त्यातच तुलना करा, कारण वर्षभर तुम्ही त्यातच चालवणार आहात. बाकीचे मोड शेवटी पाहा. एअर सस्पेन्शनची उंचीही नेहमीची ठेवा. गाडी वर उचललेली असताना चाकाला खाली जायला फारशी जागा उरत नाही, त्यामुळे खड्ड्यात ती खाडकन आपटते, आणि गाडीबद्दल उगीच वाईट मत होतं.

रस्ता एकच ठेवा. त्यात थोडं तुटकं डांबर, एक-दोन गतिरोधक, एका बाजूला खचलेली कड, लाटा असलेला वेगाचा पट्टा, काही वळणं आणि मागे-पुढे करून गाडी फिरवण्याची जागा असावी. आधी तो स्वतःच्या गाडीने फिरून या. प्रत्येक खड्डा कुठे आहे ते पाठ झालं की लक्ष गाडीकडे राहतं.

पायरी ३: हळू वेगात, तुटक्या रस्त्यावर

ताशी २० ते ३० किलोमीटर. खिडक्या बंद, गाणी बंद. इथे आपण लहान, धारदार धक्के पाहतो: डांबराची तुटलेली कड, मॅनहोलचं झाकण, पुलाचा सांधा.

दोन प्रश्न विचारा. धक्का आवाज होऊन येतो की ढकल होऊन येतो? आणि तो एकदाच येतो की मागे काहीतरी हलत राहतं? चांगल्या गाडीत ‘धप्’ असा खोल, बुजलेला आवाज येतो आणि पायाला फार काही जाणवत नाही. कमी चांगल्या गाडीत ‘खट्’ ऐकू येतं आणि पाठोपाठ डॅशबोर्ड किंवा मागची सीट बारीक खुळखुळते. चाक आणि अ‍ॅक्सल टायरवर नाचतात ते साधारण १० ते १५ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला दहा-पंधरा वेळा. बॉडी स्प्रिंगांवर हलते ती याहून फार संथ, सेकंदाला एक-दीड वेळा. तुटक्या रस्त्यावरची ती ‘डर्रर्र’ चाकांच्या नाचण्याची असते, आणि जड चाकं, जड एकसंध अ‍ॅक्सल किंवा थकलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर असले की ती वाढते.

शरीराला सगळेच हादरे सारखे लागत नाहीत. अंगभर बसणाऱ्या कंपनांबद्दलचं आयएसओ २६३१-१ हे मानक सांगतं, की वरखाली हादऱ्यांत माणूस साधारण ४ ते ८ हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात हळवा असतो. पोट, छाती, खांदे याच सुमाराला थरथरतात. बाजूच्या हालचालींना तो २ हर्ट्झच्या खालीच जास्त हळवा. पुढच्या पायरीत हे कामाला येईल.

गतिरोधक दोनदा ओलांडा, एकदा अगदी सावकाश आणि एकदा तुमच्या नेहमीच्या वेगाने. चढताना काय होतं त्यापेक्षा उतरल्यावर काय होतं ते पाहा. बॉनेटची कड आणि समोरची लांबची एखादी स्थिर रेषा, भिंतीचा माथा म्हणा, यांच्याकडे नजर ठेवा. पुढची चाकं उतरली की कड खाली जाते आणि परत वर येते. ती रेषेला येऊन तिथेच थांबली तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर आपलं काम करतात. ती रेषेच्या वर गेली, पुन्हा खाली आली, पुन्हा थोडी वर गेली, तर गाडी आवरायला कमी पडते. मग मागची चाकं उतरताना कानोसा घ्या. दणका देऊन आवाज थांबला तर रबरी बंपस्टॉपपर्यंत स्प्रिंग दबली असं समजा. रिकाम्या गाडीत, साध्या वेगात तसं होत असेल, तर भरल्यावर रोज होईल.

पायरी ४: एकाच बाजूचा खड्डा

सगळ्या चाचण्यांतून एकच निवडायची झाली तर मी ही निवडेन.

डावी चाकं खचलेल्या कडेवर आणि उजवी सपाट डांबरावर, अशी गाडी ताशी ३० च्या आसपास चालवा. आता शेजारी बसलेल्याचं डोकं पाहा. खांब आणि खिडकीची चौकट यांच्या मानाने ते किती डावी-उजवीकडे जातं? काही गाड्यांत ते जेमतेम हलतं. काहींत प्रत्येक खड्ड्यागणिक ते इकडून तिकडे झटकलं जातं, आणि अर्ध्या तासात मान आखडते. वरखाली धक्का कितीही मऊ असला तरी हे झटके असतील तर लांबच्या प्रवासात त्या गाडीतून कोणी ताजंतवानं उतरणार नाही. बाजूच्या संथ हालचालींना शरीर हळवं असतं, हे आपण वर पाहिलंच, आणि उंच सीटवर बसलेल्या माणसाचं डोकं गाडी ज्या आसाभोवती कलते त्यापासून बरंच वर असतं. कलणं तेवढंच असलं तरी डोकं जास्त अंतर कापतं.

याचं कारण समजून घेतलं तर महागड्या पर्यायांचा अर्थ लागतो. उंच गाडी वळणात झुकू नये म्हणून तिला जाड अँटी-रोल बार लावतात. हा बार म्हणजे डाव्या आणि उजव्या चाकाला जोडणारी पिळदार पोलादी सळई. वळणात तो गाडीला आवरतो. पण सरळ रस्त्यावर एकच चाक खड्ड्यात गेलं की तोच बार तो धक्का दुसऱ्या बाजूला नेतो आणि अख्खी बॉडी झटकन कलते. बार पातळ ठेवला तर मान सुटते आणि वळणात गाडी लोळते. मोठ्या एसयूव्हीचा खरा पेच हा आहे, आणि कंपन्यांनी तो वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवलाय.

टोयोटाची केडीएसएस यंत्रणा पुढचा आणि मागचा, दोन्ही बार हायड्रॉलिक सिलिंडरांनी जोडते. वळणात बार घट्ट राहतात, आणि खडबडीत जमिनीवर चाकं आडवीतिडवी हलू लागली की सैल पडतात. ती आधी २००४ च्या सुमारास लेक्सस जीएक्स ४७० मध्ये आली आणि मग २००७ च्या लँड क्रूझर २०० मध्ये. निसान पॅट्रोलच्या २०१० च्या पिढीतल्या काही प्रकारांत बारऐवजी चारही शॉक अ‍ॅब्सॉर्बर तेलाच्या नळ्यांनी एकमेकांशी जोडलेत. बेंटले बेंटायगा आणि ऑडी एसक्यू७ यांनी २०१५-१६ मध्ये ४८ व्होल्टची मोटर बारच्या मधोमध बसवली. सरळ रस्त्यावर ती दोन्ही बाजू मोकळ्या सोडते आणि वळण आलं की पीळ देते. मर्सिडीजच्या जीएलई आणि जीएलएसला ई-अ‍ॅक्टिव्ह बॉडी कंट्रोलचा पर्याय आहे, त्यात प्रत्येक चाकाचं सस्पेन्शन वेगळं हाताळलं जातं.

यातली एखादी यंत्रणा पर्याय म्हणून मिळत असेल तर ती असलेली आणि नसलेली, दोन्ही गाड्या याच खचलेल्या कडेवर चालवून पाहा. डॅम्परचा, म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा, पर्याय वेगळा आणि त्याचं कामही वेगळं, हे लक्षात ठेवा. चुंबकीय डॅम्परमध्ये तेलात लोहकण असतात आणि विजेने ते तेल क्षणात घट्ट होतं. २००२ च्या कॅडिलॅक सेव्हिलमध्ये ते पहिल्यांदा आले आणि आज त्याच घराण्याच्या मोठ्या एसयूव्हींत मिळतात. डुलणं थांबवण्यात असे डॅम्पर फार चांगले. बारने नेलेला झटका मात्र ते पुरता पुसू शकत नाहीत.

पायरी ५: वेगाच्या पट्ट्यावर

कायदा देतो त्या मर्यादेत, लाटा असलेल्या सरळ रस्त्यावर, स्थिर वेगाने चला. बॉनेटची कड पुन्हा पाहा. लांब लाटेनंतर गाडी किती वेळा हेलकावते ते मोजा. एक हेलकावा चालेल. दोन झाले तर भरलेल्या गाडीत ते तीन होतील. पुलाच्या चढावरून उतरताना पोटात गोळा येतो का, तेही पाहा. तिथे स्प्रिंगा मोकळ्या होऊन गाडी हलकी पडते, आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर नीट नसेल तर चाकांवरचा भार कमी झाल्याने स्टिअरिंगही क्षणभर सैल लागतं. राईड आणि हँडलिंग एकाच ठिकाणी दिसण्याची ही जागा आहे.

आता स्टिअरिंगकडे. हात अगदी हलके ठेवून गाडी सरळ जाऊ द्या. सतत बारीक दुरुस्ती करावी लागते का? मधल्या जागेत स्टिअरिंग किंचित फिरवलं तरी काहीच होत नाही अशी मेलेली जागा किती आहे? ट्रक शेजारून गेल्यावर किंवा आडवा वारा आल्यावर गाडी किती ढकलली जाते? उंच, चपट्या बाजूंच्या गाडीला वारा जास्त लागतोच. पण चांगली गाडी एका दुरुस्तीत परत सरळ येते. हा भाग चालवणाऱ्याला थकवतो आणि टेस्ट ड्राइव्हवर नेमका निसटतो, कारण दहा मिनिटांत तो जाणवत नाही. जमेल तेवढा वेळ या पट्ट्यावर घालवा. मागे गर्दी नसताना एकदा ठाम ब्रेकही लावा. नाक किती खाली जातं, थांबल्यावर गाडी मागे किती झुलते, आणि ब्रेक लावताना ती सरळ राहते की हातात ओढ लागते, एवढं टिपलं की पुरे.

पायरी ६: वळणं

इथे जोर लावायचा नाही. नेहमीच्या वेगाने, ओळखीच्या वळणात.

गाडी किती झुकते यापेक्षा कशी झुकते ते महत्त्वाचं. स्टिअरिंग फिरवल्याबरोबर हळूहळू, एकसारखी झुकून एका जागी स्थिरावली, तर झुकणं थोडं जास्त असलं तरी भरवसा वाटतो. आधी काहीच नाही आणि मग एकदम लोळली, तर आतल्यांचं पोट डचमळतं आणि चालवणारा वळणात पुन्हा पुन्हा स्टिअरिंग दुरुस्त करतो. वळणात मध्येच एखादा उंचवटा असेल तर उत्तम. तिथे एकसंध अ‍ॅक्सलची गाडी मागून किंचित बाजूला सरकल्यासारखी वाटते, स्वतंत्र सस्पेन्शनची बहुधा तिथेच बसून राहते. पाठोपाठची डावी-उजवी वळणंही घ्या. एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर वजन जाताना गाडी मध्ये थांबते की पलीकडे फेकली जाते, ते तिथेच दिसतं.

उलटण्याच्या भीतीबद्दल थोडा हिशोब. डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागलं की स्थिरतेचा एक आकडा मिळतो. अमेरिकेची रस्ते-सुरक्षा संस्था एनएचटीएसए २००१ च्या मॉडेलांपासून उलटण्याच्या धोक्याच्या मानांकनात तो वापरते. समजा, चाकांमधलं अंतर १.६५ मीटर आणि गुरुत्वमध्य ०.७५ मीटर उंच, तर आकडा १.१०. बुटक्या गाडीत १.५५ आणि ०.५५ मीटर धरले तर तो सुमारे १.४१ येतो. गाड्या उलटतात त्या बहुतेक वेळा सपाट डांबरावर नाही, तर बाजूला घसरत जाऊन कड, खड्डा किंवा मऊ मातीत चाक अडकल्यावर. म्हणून इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे घसरू लागलेली गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा, नसलेली मोठी एसयूव्ही घेऊ नका, जुनीसुद्धा नाही. छतावरच्या कॅरिअरवर जड सामान चढवलं की गुरुत्वमध्य आणखी वर जातो, हेही ध्यानात ठेवा.

एकदम लेन बदलून अडथळा टाळण्याची चाचणी रस्त्यावर स्वतः कधीही करू नका. त्यासाठी आयएसओ ३८८८-२ मध्ये आखून दिलेला ६१ मीटरचा मार्ग आहे आणि तो बंद मैदानावर, प्रशिक्षित चालक घेतात. तुम्ही त्यांचे व्हिडिओ पाहा, आणि पाहताना गाडी भरलेली होती की रिकामी आणि टायर कोणते होते, तेवढं विचारात घ्या.

वळण घेण्याची जागा हाही हँडलिंगचाच भाग. मागची चाकं वळवणारी यंत्रणा हळू वेगात ती पुढच्याच्या उलट दिशेला वळवते आणि वेगात त्याच दिशेला. त्यामुळे लांब गाडी अरुंद जागेत छोटी होते आणि हायवेवर लांब राहते. २०२१ मध्ये दाखल झालेल्या रेंज रोव्हरची मागची चाकं सात अंशांपर्यंत वळतात, आणि साध्या व्हीलबेसच्या गाडीचं वळणवर्तुळ ११ मीटरच्या आत येतं. मोठ्या गाडीची धास्ती असलेल्यांनी या पर्यायावर खर्च करावा, असं मी मनापासून सांगेन.

पायरी ७: मागे जाऊन बसा

चालवणाऱ्याची जागा दोन अ‍ॅक्सलांच्या मध्ये, बऱ्यापैकी सुखाची असते. तिसरी ओळ मागच्या अ‍ॅक्सलवर किंवा त्याच्याही मागे असते. गाडी झुलते तेव्हा सगळ्यात जास्त वरखाली तीच होते. तोच रस्ता दुसऱ्याला चालवायला सांगून तुम्ही आधी मधल्या आणि मग शेवटच्या ओळीत बसा. मांडीवर फोनमध्ये काही वाचायचा प्रयत्न करा. अक्षरं नाचतात का? गुडघे छातीशी येत असतील तर मांड्या सीटवर टेकत नाहीत आणि प्रत्येक धक्का थेट मणक्यात जातो. तो दोष सस्पेन्शनचा नसला तरी सोसायचा तुमच्याच माणसांना आहे.

मळमळीचा प्रश्न वेगळा. ती येते फार संथ हालचालींनी, साधारण ०.१ ते ०.५ हर्ट्झ, म्हणजे दोन ते दहा सेकंदांत एक हेलकावा. गाडीत त्या ब्रेक, वेग वाढवणं, पाठोपाठची वळणं आणि लांब लाटा यांतून येतात. म्हणून घरात कोणाला गाडी लागत असेल तर त्या व्यक्तीलाच पायरी ५ आणि ६ च्या रस्त्यावर मागे बसवा. तिचं मत बाकीच्या सगळ्यांपेक्षा जड धरा.

पायरी ८: चाकं निवडा, मग गाडी

दोन गाड्यांत फरक करता येईना, तर टायर पाहा. लँड क्रूझर ३०० चे दोन आकडे घ्या: २६५/६५ आर१८ आणि २६५/५५ आर२० (शेवटचा आकडा रिमचा, इंचांत). पहिल्यात टायरची बाजू १७२ मिलिमीटर उंच, दुसऱ्यात १४६. बाहेरचा व्यास दोन्हींचा जवळपास ८०० मिलिमीटर, म्हणजे गाडी तेवढीच उंच. पण खड्ड्याच्या कडेला दबून जाणारं रबर प्रत्येक चाकामागे २६ मिलिमीटरने कमी झालं. २२ इंची रिमवर ते आणखी घटतं, आणि मोठी रिम बहुधा जडही असते. मोठ्या रिमवर स्टिअरिंग थोडं टोकदार लागतं, हे खरं. तरी इतक्या वजनाच्या गाडीत तेवढ्यासाठी राईड गमवावी असं मला वाटत नाही, आणि रिम वाकण्याची भीती राहते ती वेगळीच. ज्या आकाराची चाकं घेणार त्याच आकाराच्या चाकांवर टेस्ट ड्राइव्ह मागा. १८ वर चालवून २२ मागवली तर तुम्ही वेगळीच गाडी घेतलीत. जाड नक्षीचे ऑल-टेरेन टायर लावायचे असतील तर हायवेवरचा घूं आवाज आणि स्टिअरिंगमधला किंचित आळस गृहीत धरा.

वापरलेली गाडी पाहत असाल तर टायरची झीज हाताने चाचपा. नक्षीत लाटेसारखे खोलगट भाग लागले तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर थकलेत. एअर सस्पेन्शनची गाडी रात्रभर उभी करून सकाळी इंजिन सुरू करण्याआधी पाहायला जा. एखादा कोपरा खाली बसलेला दिसला तर हवा कुठेतरी गळते आहे. दुरुस्तीचा अंदाज काढूनच पुढचं बोलणं करा.

टिपणं मात्र प्रत्येक ड्राइव्ह संपल्यावर गाडीत बसूनच लिहा, घरी जाऊन नाही. गतिरोधकानंतर बॉनेट किती वेळा हललं, खचलेल्या कडेवर डोकं किती हललं, सरळ रस्त्यावर हात किती काम करत होते, तिसऱ्या ओळीत वाचता आलं का. दोन गाड्यांची उत्तरं उलटसुलट आली, एक वळणात सरस आणि दुसरी खचलेल्या कडेवर, तर तुमचे जास्त तास ज्या रस्त्यावर जातात त्या रस्त्याचं उत्तर धरा. गाडी ताब्यात घेताना चारही टायरमधली हवा गार असतानाच दारावरच्या स्टिकरशी ताडून पाहा. कारखान्यातून वाहतुकीसाठी भरलेली जास्तीची हवा कधीकधी तशीच राहून गेलेली असते.